भोवरा आणि भाता

दिवाळीच्या तोंडावर घराघरांत जी यादी होते, तिच्यात दोन प्रकारची कलमे असतात : काही गरजेची, काही हौसेची. गरजेच्या कलमांवर सहसा वाद होत नाही. पैसे नसले तर नुसता उसासा टाकून कलम पुढल्या वर्षावर ढकलले जाते. वाद होतो तो हौसेच्या कलमांवर, आणि बहुधा तो दोन पिढ्यांत होतो. आमच्या आजोबांच्या घरी तो ग्रामोफोनवरून झाला होता म्हणतात. वडिलांच्या वेळी रंगीत दूरदर्शन संचावरून झाला, तो मी स्वतः ऐकला आहे. यंदा माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी, गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्याला, तो टर्बोचार्जरवरून झाला.

दवनीवाडा हे धानाच्या मुलखातले गाव. पुस्तकात ज्याला भाताचे पीक म्हणतात, त्याला आमच्याकडे धान म्हणतात. भात हा शब्द फक्त ताटापुरता. दिवाळीच्या सुमाराला धान कापणीला येते, दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते, रात्ररात्र नाटके होतात, आणि घरोघरची माणसे धानाच्या चुकाऱ्याची वाट पाहत बसतात. चुकारा हाती आला की त्यातून सोसायटीचे पीककर्ज फिटायचे, रब्बीचे बियाणे यायचे आणि उरले तर घराकडे पाहायचे. अशा घरात भाच्याने लाखभर रुपयांची एक यादी करून ठेवली होती. अंगणातल्या टिनाच्या छपरीखाली भाऊजींची जुनी मारुती ८०० उभी आहे. तिच्यावर टर्बोचार्जर बसवून ती शर्यतीत पळवावी, असा त्याचा बेत.

बहिणीचा फोन आला. "दादा, तूच समजाव याले. चुकारे अजून हातात नाही आले, अन् याची यादी तयार हाय."

मराठीच्या अध्यापकाला या वादात लवाद का नेमले, हे एक कोडेच आहे. ज्याला दोन्ही बाजूंचे काही कळत नाही तोच निःपक्षपाती, असा हिशेब त्या घराने केला असावा. परंतु लवादाने निदान खटला समजून घ्यावा, म्हणून मी पुस्तके चाळली, गोंदियातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे दोन दुपारी बसलो आणि भाच्याच्या यादीचा अर्थ लावला. त्यातून जे हाती आले ते केवळ मोटारगाडीपुरते नाही असे वाटल्यावरून येथे मांडतो.

प्रथम शब्दाकडे वळतो. तो माझा धंदाच आहे. 'टर्बो' हा मूळ लॅटिन शब्द. त्याचा अर्थ वावटळ, आणि पोरे दोरी गुंडाळून फिरवतात तो भोवराही. आपल्या मराठीतही भोवरा म्हणजे ते खेळणे आणि भोवरा म्हणजे नदीतले गरगरणारे पाणी. दोन दूरच्या भाषांनी एकाच शब्दात खेळणे आणि संकट दोन्ही ठेवावीत, ही गोष्ट या यंत्राच्या बाबतीत तरी फार मार्मिक आहे.

यंत्राची कल्पना अगदी सोपी आहे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एरवी नळीतून वाया जातो. त्याच्या वाटेत एक लहानसे पंख्याचे चाक ठेवले की धुराच्या जोराने ते फिरू लागते. हा झाला भोवरा. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक असते. ते बाहेरची हवा खेचून इंजिनात दाबून भरते. हा झाला लोहाराचा भाता. भाता मारला की भट्टीतला कोळसा फुलतो; तसेच जास्त हवा आत गेली की तिच्या प्रमाणात जास्त इंधन जाळता येते आणि त्याच इंजिनातून जास्त शक्ती मिळते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. पुढे जहाजे, विमाने, ट्रक यांत ती रुळली. आज धानाच्या बांधीत चालणाऱ्या कितीतरी हार्वेस्टरांच्या आणि मोठ्या ट्रॅक्टरांच्या पोटात हाच भोवरा असतो. लहान टर्बोतला तो मिनिटाला लाखाहून अधिक, कधी दोन लाखांच्या घरात फेरे घेतो. दवनीवाड्याला टर्बो काही नवा नाही. नवे एवढेच की तो आता धानाऐवजी हौसेकडे वळला आहे.

भाच्याच्या यादीतले पहिले कलम होते ट्रकचा जुना टर्बो. त्याचे म्हणणे सरळ होते. "मामाजी, भंगारात ट्रकचा टर्बो सस्ता भेटते. मोठा हाय, तर जोरही मोठाच देईन."

यादीतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग पडणारे कलम हेच. का, ते साध्या त्रैराशिकाने कळते. मारुती ८०० चे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे, म्हणजे जवळजवळ आठ दशांश लिटरचे. चार आघातांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा तेवढी हवा आत येते. मिनिटाला ५००० फेरे धरले तर हिशेबाने सुमारे २००० लिटर हवा आत जायला हवी. प्रत्यक्षात झडपांच्या आणि नळ्यांच्या अडचणीमुळे जाते त्याच्या चार पंचमांश, म्हणजे १६०० लिटर. वजनात ती मिनिटाला पावणेदोन ते दोन किलो भरते. आता मोटारींच्या जगातला एक ढोबळ आडाखा असा आहे, की पेट्रोल इंजिनात मिनिटाला एक किलो हवा गेली की वीसेक अश्वशक्ती निघते. या हिशेबाने उत्तर येते ३७ च्या आसपास. आणि इंजेक्शनच्या मारुती ८०० ची कागदावरची शक्तीही ३७ अश्वशक्तीच आहे. आडाखा खोटा नाही.

उलट सहा लिटरच्या आसपासच्या ट्रक इंजिनासाठी केलेला टर्बो याच्या पाचसहा पट हवा हाताळण्यासाठी घडलेला असतो. त्याचे चाक जड. एवढ्याशा इंजिनाचा धूर ते फिरवणार कसे? चालक पाय दाबून बसेल, भोवरा सावकाश जागा होईल, आणि तो जागा होईपर्यंत वळण आलेले असेल. प्रत्येक टर्बोला बनवणारा एक नकाशा देतो : आडव्या बाजूला हवेचे प्रमाण, उभ्या बाजूला दाब. नकाशाच्या डाव्या काठापलीकडे गेलात तर दाबलेली हवा उलटी फिरते आणि चाकाला हादरे बसतात. उजव्या काठापलीकडे गेलात तर टर्बोचा दम संपतो आणि तो नुसती हवा तापवत बसतो. आपल्या इंजिनाची हवा या नकाशाच्या मधोमध पडावी, ही टर्बो निवडण्याची पहिली आणि खरी कसोटी. वरातीच्या घोड्याचा लगाम शेळीला घालून शेळी दौडत नाही.

लहान टर्बोची करामत पाहायची असेल तर ती याच गाडीच्या जपानी भावंडाने दाखवली आहे. १९८६ साली आपल्याकडे आलेली नव्या बांध्याची ८०० ही ज्या सुझुकी आल्टोवरून घेतली होती, त्या पिढीच्या आल्टोचा 'वर्क्स' नावाचा प्रकार १९८७ साली जपानात निघाला. त्याचे इंजिन आपल्या ८०० पेक्षाही लहान, ५४३ घनसेंटिमीटरचे. त्याला चिमुकला टर्बो आणि हवा थंड करणारा इंटरकूलर लावून कंपनीने ६४ अश्वशक्ती काढली. जपानी कारखानदारांनी त्या वर्गाच्या गाड्यांना हीच मर्यादा आपसांत घालून घेतली आणि ती आजही चालू आहे. पण एक ध्यानात घ्यायचे. त्या इंजिनाचे पिस्टन, झडपा, तेलाची सोय ही सगळी पहिल्या दिवसापासून टर्बो गृहीत धरून केलेली होती. आपल्या अंगणातले इंजिन बाजारहाटाला जाण्यासाठी केलेले आहे. भावंड असले तरी तालीम निराळी.

म्हणून भाच्याला मी म्हटले, "हजार-बाराशे घनसेंटिमीटरच्या आतल्या गाडीसाठी केलेला टर्बो पाहा, आणि शक्यतो पेट्रोल गाडीचा." हे शेवटचे महत्त्वाचे. लहान डिझेल गाड्यांचे टर्बो भंगारात पुष्कळ मिळतात आणि आकाराने जुळतातही. पण डिझेलचा धूर साधारण आठशे अंशांच्या आसपास राहतो, तर जोरात चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा धूर साडेनऊशे-हजार अंशांपर्यंत चढतो. डिझेलसाठी ओतलेले लोखंड ती धग किती दिवस सोसेल याचा नेम नाही. शिवाय जुना टर्बो हातात घेऊन दांडा हलवून पाहायचा. तो खालीवर लटलटत असेल, किंवा चाकाची पाती घरंगळीला घासून झिजली असतील, तर तो फुकट मिळाला तरी महाग.

आता उष्णतेकडे. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे टोक तापते, हे प्रत्येकाने अनुभवलेले आहे. हवा दाबली की तापते. तापली की फुगते. फुगली की तेवढ्याच जागेत कमी मावते. आमच्या विदर्भातला मे महिना घ्या. बाहेरची हवा ४५ अंश. साध्या टर्बोने ती दीडपट दाबली की तिचे तापमान १०५ अंशांच्या घरात जाते. दाब दीडपट झाला खरा, पण हवेचे वजन वाढले जेमतेम सव्वापट. उरलेली कमाई उष्णतेने खाल्ली. वर ही कढत हवा इंजिनात गेली की दुसरे संकट उभे राहते. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर, म्हणजे हवेचा रेडिएटर, बसवावा लागतो. भाच्याच्या यादीत तो 'पुढे पाहू' या सदरात होता. ज्या गावी उन्हाळ्यात पाण्याचा माठही दुपारी कोमट होतो, तेथे हे कलम पुढे ढकलता येत नाही.

दुसरे संकट म्हणजे नॉकिंग, आणि येथून इंधनाचा प्रश्न सुरू होतो. इंजिनात ठिणगी पडल्यावर ज्वाला एका टोकाकडून दुसरीकडे शिस्तीने पसरावी अशी अपेक्षा असते. पण हवा फार दाबलेली, फार तापलेली असली तर दुसऱ्या टोकाचे मिश्रण ज्वाला पोचण्याची वाट न पाहता आपण होऊन भडकते. चढावर जुन्या गाडीतून खडखडल्यासारखा आवाज येतो, तो हाच. साध्या गाडीत तो त्रास असतो. टर्बोच्या गाडीत तो घाला असतो. चारदोन मिनिटांत पिस्टनचा काठ फुटतो किंवा गॅस्केट उडते. या आपोआप भडकण्याला इंधन किती विरोध करते, त्याच्या मापाला ऑक्टेन म्हणतात. ऑक्टेन म्हणजे इंधनाची ताकद नव्हे; ते इंधनाचे धैर्य आहे. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरल्याने साधी गाडी जोरात पळत नाही. दाब वाढल्यावर इंजिन शाबूत राहते, एवढेच त्याचे काम.

टर्बो आणि इंधन यांची सोयरीक चुकली की काय होते, याचे उदाहरण मोटारींच्या इतिहासात अगदी आरंभीच आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही गाडी निघाली. विक्रीला आलेल्या पहिल्या टर्बो मोटारींपैकी ती एक. साडेतीन लिटरचे इंजिन, २१५ अश्वशक्ती. पण इंजिनाचा मूळचा दाबच इतका चढा होता की नॉकिंग टाळण्यासाठी त्यात पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण फवारावे लागे. त्यासाठी निराळी टाकी होती आणि मिश्रणाला 'टर्बो रॉकेट फ्लुइड' असे झोकदार नाव होते. टाकी रिकामी झाली की इंजिन वाचवण्यासाठी दाब आपोआप कमी होई. मालकांनी पेट्रोल भरले, तेल भरले, पण ही टाकी भरायचे ध्यानात ठेवले नाही. नवी गाडी मंद चालते अशा तक्रारी सुरू झाल्या. गाडी १९६३ नंतर बंद पडली, आणि पुढे कंपनीने कित्येक गाड्यांवरचा टर्बो काढून त्या जागी साधा कार्बुरेटर बसवून दिला. यंत्रात फारसे वाईट काही नव्हते. पण जे इंधन माणूस रोजच्या सवयीने भरणार नाही, त्यावर ते अवलंबून होते.

याच्या उलट स्वीडनच्या साब कंपनीने केले. १९७७ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात तिने ९९ टर्बो मांडली. दोन लिटरचे इंजिन, १४५ अश्वशक्ती. पण टर्बो मुद्दाम लहान, इंजिनाचा मूळचा दाब मुद्दाम उतरवलेला, आणि जास्तीचा धूर बाजूने सोडून देणारी एक झडप. रोजच्या रस्त्यावर, रोजच्या पेट्रोलवर, मधल्या वेगात उपयोगी पडेल एवढाच जोर मागितला. हौशी कारागिराने गुरू करावा तो या गाडीला.

भाच्याच्या यादीत इंधनाच्या रकान्यात दोन पर्याय होते. एक शंभर ऑक्टेनचे पेट्रोल. इंडियन ऑइलने ते २०२० च्या डिसेंबरमध्ये मोठ्या शहरांतून विक्रीला आणले. आपल्याकडे मुंबई-पुणे त्यांत होते. दुसरा पर्याय जवळजवळ शुद्ध इथेनॉल. २०२४ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या निवडक पंपांवर 'इथेनॉल १००' ची विक्री जाहीर झाली. इथेनॉलचे गुण खरोखरच टर्बोला मानवणारे आहेत. त्याचे ऑक्टेन १०८ च्या आसपास. शिवाय त्याची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते, त्यामुळे आतली हवा थंड होते. आणि ते उसापासून होते तसे तांदळाच्या कणीपासून, खराब धान्यापासूनही होते. "आपल्याच धानाच्या कणीवर आपली गाडी पळन, मामाजी!" भाचा डोळे चमकवून म्हणाला. कल्पना मलाही आवडली. धानाच्या मुलखातल्या पोराला ती आवडणारच.

पण हिशेब आवडीने बदलत नाही. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला अवघी ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल दीडपटीहून जास्त ओतावे लागते. पंप मोठा, इंजेक्टर मोठे, टाकी लवकर रिकामी. आणि हे सगळे करून, ते इंधन मिळणार कोठे? जे भरायला दर वेळी दूरच्या शहरात जावे लागेल, त्याची स्थिती त्या अमेरिकन गाडीच्या टाकीसारखीच व्हायची. एक दिवस घाई असेल, आणि साध्या पेट्रोलवर दाब मात्र शंभर ऑक्टेनचा द्याल. त्या दिवशी पिस्टन जाईल.

म्हणून इंधन निवडण्याचा नियम मला तरी असा दिसतो : गाडी नेहमी आपल्याला मिळू शकणाऱ्या सर्वांत हलक्या पेट्रोलवर बेतावी, सर्वांत भारी पेट्रोलवर नव्हे. आणि गावातल्या पंपावरचे साधे पेट्रोल आता पूर्वीइतके हलके राहिलेले नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीला आले, आणि २०२५ साली देशभरातले मिश्रण त्या प्रमाणाला पोचले. आधीच्या साध्या पेट्रोलचे ऑक्टेन ९१ होते, ते या मिश्रणात ९५ पर्यंत जाते. म्हणजे ज्या धैर्यासाठी भाचा दूरदेशी जाणार होता, त्यातले थोडे सरकारने त्याच्या दारातच आणून ठेवले आहे. मात्र त्याचे मोलही आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते. त्यामुळे या मिश्रणात ऊर्जा सहासात टक्के कमी. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर या मिश्रणासाठी केलेले नाहीत; ते फुगतात, भेगाळतात. आणि इथेनॉल पाणी शोषते. पावसाळाभर छपरीखाली उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी सुटू शकते. तेव्हा टाकी उपसून धुणे आणि पंपापासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या नळ्या बदलणे, हे टर्बोच्या आधीचे काम. किराणा दुकानात बाटलीने मिळणाऱ्या पेट्रोलचे नावच नको. त्यात रॉकेल मिसळलेले असले तर ऑक्टेन कोसळते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

या सगळ्यातून दाब किती ठेवावा याचे उत्तर आपोआप निघते. मिस्त्री म्हणाले, "सर, टर्बो कोणीही बसवते. गॅस्केट कोण टिकवते ते पाहा." वातावरणाच्या दाबावर चार दशांश, त्याहून अधिक नाही. इंटरकूलर नीट असेल तर हवा सुमारे तीस टक्के वाढेल आणि ३७ ची ४८ अश्वशक्ती होईल. आकडा ऐकून भाच्याचे तोंड उतरले. त्याच्या मनात शंभर होते. पण गाडीचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, चाके बारा इंची, क्लच आणि गिअर ३७ अश्वशक्तीसाठी केलेले. या अंगावर ११ अश्वशक्तीची भर म्हणजे थोडीथोडकी नव्हे. आणि ती पेलायला ब्रेक आणि टायर आधी सुधारावे लागतील.

मोठ्या टर्बोने मोठी शक्ती येतेच असे नाही, हे आमच्याच महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या मुलांना चांगले ठाऊक आहे. फॉर्म्युला स्टुडंटच्या धर्तीच्या स्पर्धांसाठी पुण्या-मुंबईची मुले दरवर्षी स्वतः छोटी शर्यतीची गाडी बांधतात. चाकणला बजाजच्या कारखान्यात होणारे केटीएम ३९० चे इंजिन त्यांच्यापैकी अनेकांच्या आवडीचे. या स्पर्धांत नियम असा, की इंजिनाची सगळी हवा पेट्रोलसाठी २० मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून यायला हवी. टर्बो लावायला मुभा आहे, पण तोही त्या छिद्राच्या पलीकडेच. त्या छिद्रातून मिनिटाला साडेचार किलोच्या आतच हवा येऊ शकते; तेथे हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला भिडतो आणि मग कितीही ओढा, जास्त येत नाही. तेव्हा ती मुले मोठा टर्बो शोधत नाहीत. वळणातून बाहेर पडताना लवकर जागा होणारा शोधतात. मर्यादा आधी ठरली की निवड सोपी होते.

भाच्याच्या गाडीला एक मर्यादा कायद्याने घातलेली आहे, आणि बहिणीच्या काळजीचे मूळ तेथे होते. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने कारखानदाराने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल गाडीत करायला मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितले. अशी गाडी रस्त्यावर आणली तर नोंदणी धोक्यात, विमा धोक्यात, आणि अपघात झाला तर समोरच्या माणसाला काय उत्तर द्यायचे? दवनीवाड्याच्या रस्त्यावर कापणीच्या दिवसांत धानाच्या पेंढ्या लादलेल्या बंड्या चालतात, त्यांना मागे दिवा नसतो. त्या रस्त्यावर भोवऱ्याचा दुसरा अर्थच खरा ठरायचा. ऑटोक्रॉससारख्या शर्यती बंदिस्त मैदानावर, घड्याळाशी खेळल्या जातात. तेथे शिरस्त्राण, पिंजरा, परवाना सगळे लागते. खेळायचे तर तेथे, आणि गाडी तेथवर न्यायची ती दुसऱ्या वाहनावर चढवून.

निकाल असा लागला. चुकाऱ्याच्या पैशाला हात लावायचा नाही. तो सोसायटीचा आणि रब्बीचा. भाऊजींनी गाडी मुलाच्या स्वाधीन केली, मात्र ती पुन्हा रस्त्यावर न आणण्याच्या अटीवर. भाचा सुट्टीत गोंदियाला ट्रॅक्टरच्या गॅरेजात काम करतो. त्याच्या मजुरीतून गाडी होईल, आणि यादी उलट्या क्रमाने चालेल. आधी इंजिनाच्या तिन्ही सिलिंडरांचा दाब मोजायचा. तो सारखा नसेल तर टर्बोचे नावही काढायचे नाही. मग नळ्या, पंप, इंजेक्टर. मग धुरातला ऑक्सिजन मोजून मिश्रण बरोबर आहे की नाही ते सांगणारे यंत्र, कारण दाब वाढला आणि पेट्रोल कमी पडले तर पिस्टन वितळतो. मग ब्रेक, टायर, पिंजरा. मग इंटरकूलर. आणि सर्वांत शेवटी, यादीच्या तळाला, टर्बो. "म्हणजे दोन वर्षं लागतीन," भाचा म्हणाला. लागू देत. पहिले वर्ष त्याने टर्बोशिवाय, धडधाकट ३७ अश्वशक्तीवर मैदानात उतरावे. वळण कसे घ्यायचे हे कळायला जास्त शक्ती लागत नाही.

हौशीला नाही म्हणणे सोपे असते आणि हो म्हणणेही सोपे असते. अवघड असते ते हौशीला क्रम लावून देणे. आपल्या घरांत बहुधा वडीलमंडळी पहिले करतात, मुले दुसरे करतात, आणि तिसरे कोणी करतच नाही. मग मुलगा चोरून मोठा टर्बो आणतो, किंवा नाद सोडून कायमचा हिरमुसतो. जोर वाढवणारी वस्तू बाजारात नेहमी समोर, झगमगत मांडलेली असते. जोर पेलणाऱ्या वस्तू, नळ्या आणि गॅस्केटा, मागच्या फळीवर धुळीत पडलेल्या असतात. यंदाच्या दिवाळीत आपल्याही घरच्या यादीत एखादे असे झगमगते कलम असेल. ते खोडू नका. त्याच्या आधी कोणती साधी कलमे लागतात तेवढी मुलांबरोबर बसून लिहून काढा, आणि खर्चाला तेथून सुरुवात करा.